जपानची वीट

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला आजही कळत नाही, हात जिथे जाईल तिथे वेलांटी देते. अक्षरही वाईट आहे. चौथीत गुरुजी म्हणाले होते की पोरगी हुशार आहे, पण पाटीवर कोंबडी चालून गेल्यासारखं लिहिते. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडे होती, ओढ्यावर साकव नव्हता आणि घरात म्हैस व्यायला आली होती, म्हणून माझं शिकणं तिथेच थांबलं. चुकांची माफी असावी. हे मी कोणाला दाखवणार नाही, तरी माफी मागून ठेवते. न विचारता माफी मागायची मला सवय आहे.

लिहायला बसले त्याला कारण झालं. परवा एका लग्नात माझे थोरले दीर मांडवातल्या पोरांना सांगत होते, "या खालापूर तालुक्यात पहिला कंप्युटर आणला तो मी. तेव्हा मुंबईत पण कोणाकडं नव्हता." पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मी बायकांत बसले होते. चार माणसांत मला बोलता येत नाही, आणि दिरांच्या पुढ्यात तर बोलायचंच नसतं. घरी येऊन चहा केला, तो गार होऊ दिला आणि हे लिहायला घेतलं.

दिरांच्या पुढ्यात बोलायचं नसतं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. ते समोर आले की पदर पुढे ओढायचा आणि उठून आत जायचं. त्यांनीही आत येताना खाकरायचं, म्हणजे आम्ही आवरून घेतो. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. लग्न होऊन आले तेव्हापासून मला माहीत असलेले दादा म्हणजे एक खोकला आणि दोन चपला. काही सांगायचं झालं तर मध्ये सासू. सासूला मी आत्या म्हणे. दादा ओटीवर, मी चुलीपाशी, मध्ये कुडाची भिंत. त्यांचं बोलणं मला आणि माझं त्यांना चक्क ऐकू येई. तरी आत्या दारात उभ्या राहून तेच पुन्हा बोलेपर्यंत आम्ही दोघं ऐकलं नाही असं धरून बसत असू. आत्यांना स्वतःला एका कानाने कमी ऐकू येई, ही आणखी एक मजा.

दुसरी गोष्ट न्हाणीची. आमच्याकडे न्हाणी नव्हती. परसात शेवग्याचं झाड आणि घराची भिंत यांच्यामध्ये सुतळी बांधून खताच्या गोणी उसवून टांगल्या होत्या, आणि आत एक दगड. उभं राहिलं की डोकं दिसे, बसलं की खालून पाय. वारा आला की काय दिसेल याचा नेम नसे. मी अंगावर लुगडं ठेवून, बसून, घाईघाईने अंघोळ करायची. पाठीला साबण लागला की नाही हे मला कधी कळलं नाही. त्यात गोणपाटाला लागूनच पायवाट होती. ती मागून सरळ हमरस्त्याला निघे. जाऊबाईही तिथेच न्हायच्या, पण त्यांचा स्वभाव मोकळा. त्या म्हणत, "बघंल त्याचं डोलं जातील." मला तसं म्हणता येत नसे.

म्हणून मी पैसे साठवत होते. मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या बायकांना वालाचं बिरडं आवडायचं, पण वाल सोलायला आवडायचं नाही. मी वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणी, कोमट पाण्यात टाकून एकेक सोली, आणि शेजारची काकी ते पाटीतून कॉलनीत नेई. काकीला गळा होता, मला नखं होती. नखं कायम पिवळी असायची. बऱ्याच हंगामांनी गवंड्याने सांगितलेल्या आकड्यापर्यंत पोचले. बाराशे रुपये. चार भिंती, वर पत्रा, आणि आतून कडी लागणारं दार. हिशेब करताना मी भिंतींच्या आधी दार धरलं होतं.

आता दादा. दादा मोहोपाड्याला कंपनीत पाळीवर होते. काय काम करत विचारलं तर "प्लँट बघतो" म्हणत. बघायचा पगार मिळतो एवढंच आम्हाला कळे. त्यांना एक वेड होतं, फॉरेनच्या मालाचं. शिळफाट्याला टायरच्या दुकानामागे एक माणूस बसे, त्याच्याकडे म्हणे बोटीवरून उतरलेला माल असे. समुद्र कुठे, शिळफाटा कुठे. ती बोट घाटाच्या पायथ्याला कशी लागत होती हे दादांनी कधी विचारलं नाही. त्याच्याकडून त्यांनी एक बॅटरी आणली, ती थोबाडीत मारल्याशिवाय पेटत नसे. एक शर्ट आणला, त्याच्यावर छापलेला साप पहिल्याच पावसात दादांच्या पाठीवर उतरला आणि गौरीपर्यंत गेला नाही. तरी दादा म्हणत, "रंग बघा कसा पक्का हाय."

त्या श्रावणात एके दिवशी ते पाळीवरून आले आणि ओटीवर बसून मोठ्याने म्हणाले, "आये, धाकटीला सांग, तिच्याकडं पैसं हायेत म्हनं."

आत्या दारात आल्या. "धाकटे, तुज्याकडं पैसं हायेत म्हनं."

मी म्हटलं, "आत्या, ते न्हाणीचे आहेत."

"न्हानीचं हायेत म्हनते रं."

"तिला सांग, टीव्हीवर खेलायची मशीन आनतोय. जपानची. शंभर गेम. पोरं पैसं देऊन खेलतील. दिवालीला डबल करून देतो. मंग एक न्हानी कशाला, दोन बांध. एक गरम पान्याची, एक थंड पान्याची."

आत्यांनी एवढं सगळं काही ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "दोन बांध म्हनतो गं."

तेवढ्यात माझे यजमान गोठ्यातून आले. त्यांच्या आयुष्यात दोनच गोष्टी होत्या, म्हशी आणि दादा, आणि दोन्हींच्या पुढे ते बोलत नसत. ते म्हणाले, "दे गं. दादा कंपनीत हाय. त्याला कलतं."

मी दिले. नाही म्हणायला तोंड लागतं, आणि माझं तोंड वाल सोलण्याच्या कामी कधी उपयोगी पडलं नव्हतं म्हणून घरात कोणाला त्याची सवय नव्हती. दादांनी पैसे माझ्या हातून घेतले नाहीत, तसं चालत नाही. मी उंबऱ्यावर ठेवले, त्यांनी उंबऱ्यावरून उचलले. रीत पाळली गेली.

मशीन आलं ते पंच्यात गुंडाळून, बाळंतपणानंतर पोर आणतात तसं. काळा डबा, वायरीला लोंबणारी दोन दांडकी, त्यांच्यावर एकेक लाल बटण. हाच तो तालुक्यातला पहिला कंप्युटर. आत्यांनी दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. दादांनी तो डबा सगळ्यांच्या हातात दिला. "वजन बघा. फॉरेनचा माल जड असतो. आपल्याकडचं सगलं पोकल."

"लय जड हाय रं," आत्या म्हणाल्या. "वरवंट्यावानी."

"जड हाय," आमचे हे म्हणाले.

जाऊबाईंनी डबा कानापाशी नेऊन हलवला. "आत कायतरी हलतंय."

"ते जपानी हाय," दादा म्हणाले. "हलनारच."

टीव्ही दादांचा, काळा-पांढरा, लाकडी शटरचा. त्याला मशीन जोडलं आणि आठ दिवसांत आमची ओटी धर्मशाळा झाली. एका खेपेला आठ आणे. नवा गेम पाहिजे असेल तर रुपया. लोधिवलीपासून पोरं सायकलवरून डबलशीट येत. मी दाराच्या फटीतून एकदाच पाहिलं. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका इकडून तिकडे पळत होता आणि त्याच्यामागे गावातली सगळी कर्ती पिढी वाकून बसली होती. कोणी तालुक्याच्या कामाला निघालेला, कोणी बैलाचं औषध आणायला निघालेला. मधोमध दादा, खुर्चीत, पैशाचा गल्ला मांडीवर. गल्ला म्हणजे आत्यांचा देवाच्या तांदळाचा डबा.

रांग ओटीवरून सुरू होई, भिंतीला वळसा घाली आणि परसात माझ्या गोणपाटापाशी संपे. पहिल्यांदा वाटलं, पोरं आहेत, जातील. जात नव्हती. सकाळच्या पाळीला दादा गेले की रांग दुपारी, दुपारच्या पाळीला गेले की सकाळी. मी हंडा तापवायची आणि तो चुलीवरच निवायचा. मग एकदा कंटाळून गेले आत. बाहेर पोरांचं चाललेलं.

"ए, माजा नंबर हाय."

"तुजा नंबर तुज्या आयला सांग रं."

ढकलाढकली झाली आणि शेवग्याला बांधलेली सुतळी तुटली. गोणपाट खाली आलं. अंगावर लुगडं होतं, ओलं. मी तिथेच खाली बसून राहिले, गुडघ्यांत डोकं घालून. जाऊबाई धावत आल्या, त्यांनी घोंगडी माझ्यावर टाकली आणि पोरांना अशा शिव्या दिल्या की मलाच लाज वाटली.

दादांनी विचारलं काय झालं. कोणीतरी सांगितलं. मग कुडापलीकडून आवाज आला, "आये, धाकटीला सांग, गिऱ्हाईक असताना अंगोल करत जाऊ नको."

आत्यांनी हा निरोप मला दिला नाही. त्यांना तो ऐकू आला नाही, असं त्या म्हणाल्या. मी तेव्हापासून कोंबडा आरवायच्या आधी, अंधारात न्हायला लागले, दगडाला ठेचा खात. गोणपाट पुन्हा बांधलं, तरी ज्या पैशाची न्हाणी व्हायची, त्याच पैशाने होता तो आडोसाही नेला.

मी त्या मशीनकडे बघितलं नाही, पण ऐकलं पुष्कळ. आत बसून वाल सोलताना ऐकायचंच होतं. पहिल्या गेमचा आवाज टुंक टुंक. दुसऱ्याचा रेकल्यासारखा. तिसरा फुटाणे भाजल्यासारखा. चौथ्याला शेवटी एक शिट्टी होती. पाचवा लावला की पुन्हा टुंक टुंक. सहावा रेकायचा. दहा-वीस लावले तरी तेच. मी जाऊबाईंना म्हटलं, "हे चारच आहेत. शंभर कुठले?" जाऊबाई हसल्या, "अगं, वांग्याचं भरीत, वांग्याची भाजी, वांग्याचं कालवन. ह्यांच्या शिलफाट्याला वांगीच मिलतात."

पोरांनाही ते कळायला वेळ लागला नाही. एकाने रुपया देऊन सदतिसावा गेम मागितला आणि ओटीवरच बोंब मारली, "दादा, हा तर पयलाच हाय!"

"नाय. याच्यात रंग वेगला हाय."

"तुमचा टीव्ही तर काला-पांढरा!"

"म्हनून तुला दिसत नाय. जपानी लोकांनी काय काल्या-पांढऱ्यासाठी बनवलाय काय? रंग हाय. तुमच्या डोल्यांना नाय."

म्हणजे छप्पन्न रंगांचे शंभर गेम आमच्या ओटीवर चालू होते आणि आम्हा दरिद्री लोकांना ते दिसत नव्हते. त्या दिवसापासून दादा कलर टीव्ही घ्यायच्या गोष्टी करू लागले, आणि बोलता बोलता जाऊबाईंच्या पाटल्यांकडे बघू लागले. जाऊबाईंनी पाटल्या माहेरी नेऊन ठेवल्या.

मग दसरा आला. आदल्या दिवशी खंडेनवमीला आमच्याकडे सगळी अवजारं धुऊन पुजतात. नांगराचा फाळ, कोयती, विळे, पावडं, कुऱ्हाड. राख आणि काथ्याने घासायची, उन्हात वाळवायची, पाटावर मांडून हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. ज्याची भाकरी ज्या वस्तूवर, त्याने ती धुवायची. आमच्या ह्यांनी फाळ धुतला. दादा रात्रपाळी करून येऊन झोपले होते, म्हणून त्यांचं काम आत्यांनी घेतलं. दादाच महिनाभर म्हणत होते, "आये, आता ही मशीनच आपलं अवजार. हिच्यावर घर चालनार." आत्यांनी तेवढं मात्र नीट ऐकलं होतं.

मी परसात गेले तेव्हा आत्या दगडावर बसून जपानला काथ्याने घासत होत्या. आतून काळं-लाल पाणी येत होतं. मी म्हटलं, "आत्या, ते धुवायचं नसतं."

"काय?"

"धुवायचं नसतं ते!"

"होय गं, धुतलंच पायजे. किती मल बसलाय बघ. पोरांचं हात." आणि त्यांनी आणखी एक तांब्या ओतला. "मागल्या वर्साला सायकल धुतली, तवा सायकल मेली काय?"

यापेक्षा मोठ्याने ओरडले असते तर पलीकडे झोपलेल्या दादांना माझा आवाज ऐकू गेला असता. आणि तसं तर चालत नाही. मी कोयत्या वाळत घातल्या.

दुपारी मशीन फाळाच्या आणि कुऱ्हाडीच्या मध्ये पाटावर बसलं होतं. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडू, ज्या फटीत वायर घालायची तिच्यात अक्षता. दादा उठले, अंघोळ केली, त्यांनी पाहिलं, प्रसन्न झाले. धुतलंय हे त्यांना कोणी सांगितलं नाही. वाळल्यावर ते नव्यासारखं दिसत होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर ओटी पोरांनी भरली. दादांनी नारळ फोडला आणि बटण दाबलं.

"ठप्प" असा आवाज झाला. धूर आला, त्याला थोडा झेंडूचा वास होता. आत्यांनी हात जोडले.

दोन दिवसांनी दादांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला घरी बोलावलं. त्याने ओटीवर सगळ्यांसमोर स्क्रू काढले. मी आणि जाऊबाई कुडाच्या आड. मग तो माणूस म्हणाला, "दादा, याच्यात एवढुशी पट्टी हाय, पोस्टकारडाएवढी. आनि ही."

"ही काय?"

"वीट."

अर्धी वीट होती, फडक्यात गुंडाळून, सुतळीने बांधलेली, हलू नये म्हणून, तरी हलत होतीच. आत्या नीट धूत होत्या तेव्हा आलेलं काळं-लाल पाणी तिचंच. फडकं सोडलं तर विटेवर चांदणीचा छाप निघाला. चांदणीच्या छापाची वीट आमच्या इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. पाताळगंगेच्या काठी भट्टी होती, गावातली अर्धी घरं त्याच विटांची. माझ्या न्हाणीलाही मी तीच धरली होती.

पलीकडे कोणीतरी खुदकन हसलं. मग ओटीभर हसणं पसरलं.

"दादा, जपान तर नदीपल्याड हाय की! उगा बोटीतनं आनला."

दादा उठून उभे राहिले. त्यांचं मला एक कौतुक आहे, हा माणूस हरत नाही. ते म्हणाले, "तुमाला काय कलतं? जपानमदी माती नाय. सगला समुद्र. ते विटा आपल्याकडनंच मागवतात."

आमचे हे म्हणाले, "असंल." एवढंच. पण तेही म्हणताना खाली बघत होते.

दादांनी वीट परसात भिरकावली. मी ती उचलली, धुतली आणि गोणपाटाच्या आत साबण ठेवायला घेतली. आधी साबण मातीत पडायचा. बाराशे रुपयांतली अर्धी वीट तरी जागेवर आली.

दिवाळी आली आणि गेली. डबल सोडा, एकही आला नाही. मी भाऊबीजेनंतर आत्यांना म्हटलं. आत्यांनी दारातून निरोप दिला. कुडापलीकडून उत्तर आलं, "आये, धाकटीला सांग, धंद्यात फायदा-तोटा असतो. ती भागीदार हाय. अर्दा तोटा तिचा."

आत्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मला आयकू नाय आलं गं."

त्या रात्री हे जेवताना मी विचारलं, तुम्ही बोलाल का? हे म्हणाले, "दादा हाय." ताक प्यायले आणि म्हशींकडे गेले.

मी बोलू शकत नव्हते. भांडू तर मुळीच नाही. पण बघता बघता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सकाळच्या पाळीची कंपनीची बस हमरस्त्यावर येई. दादा परसातल्या पायवाटेने बसला जात. ती वाट गोणपाटाला लागून, आणि धाकट्या भावाची बायको न्हात असताना थोरल्या दिराने तिथून जायचं नाही. लांब उभं राहून खाकरायचं, ती आवरून आत गेली की मग जायचं. इतकी वर्षं मी खोकला ऐकला की अर्ध्या अंगाने उठून पळत होते. पोरांची रांग गेली होती. अंधारात न्हायचं आता मला काही कारण नव्हतं. मी उजाडल्यावर न्हायला लागले, आणि घाई करायची सोडली. बाकी काहीच केलं नाही.

पहिल्या दिवशी दादा खाकरले. मी पाठीला साबण लावत होते. पुन्हा खाकरले. पाठ मोठी असते, मला नव्यानेच कळलं. मग क्षय झाल्यासारखे खोकू लागले. रस्त्यावर बसचा भोंगा वाजला, दोनदा वाजला आणि गेला.

दुसरी वाट होती, समोरून, गावाच्या पारावरून. दादा दुसऱ्या दिवशी तिकडून गेले. पारावर तीच पोरं बसलेली.

"दादा, जपानला चाललाव काय?"

"येताना माज्यासाठी चार विटा आना. फॉरेनच्या!"

तिसऱ्या दिवशी दादा पुन्हा परसात येऊन उभे राहिले. मी आत होतेच. मी निघाले आणि जाऊबाई तांब्या घेऊन आत शिरल्या. त्यांच्याशी बोलायला दादांना काही बंदी नव्हती.

"अगं ए, भायेर ये! बस चुकंल!"

"डोल्यात साबन गेलाय."

"मंग मी जातो तसाच!"

"जा की. मागून धाकटी येतेय पानी घेऊन, तिच्या अंगावर जाऊन आपटा."

दादा तिथेच थांबले. बस गेली. त्या आठवड्यात त्यांचे खाडे पडले आणि पगारातून कापले गेले. शेवटी ओटीवरून निरोप आला, फार मऊ आवाजात. "आये, धाकटीला सांग, जरा लवकर न्हात जा."

मी म्हटलं, "आत्या, दादांना सांगा, दाराची न्हाणी असती तर त्यांना थांबायला लागलं नसतं."

हे आत्यांना एका दमात ऐकू आलं. त्यांनी ते इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारची काकी बाहेर आली.

पुढच्या पगाराला उंबऱ्यावर काही नोटा दिसल्या, वर तांब्या ठेवलेला, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. मी दुसऱ्या दिवशी लवकर आवरलं. पुढच्या पगाराला आणखी आल्या. एका महिन्यात आल्या नाहीत, तेव्हा मला न्हायला पुन्हा वेळ लागायला लागला. असं करत गुढीपाडव्यापर्यंत तीनशे यायचे राहिले. मग गाडी अडली. दादांनी जाऊबाईंकरवी सांगितलं की आता नाही, आता काही विकल्याशिवाय नाही.

विकायला एकच वस्तू होती. दादा ती पंच्यात गुंडाळून शिळफाट्याला घेऊन गेले, ज्याच्याकडून आणली त्याच्याकडेच. तासाभरात परत आले. ओटीवर बसून त्यांनी जाऊबाईंना जे सांगितलं ते मी कुडाआडून ऐकलं. तो माणूस मशीन परत घ्यायला तयार होता. चालू की बंद हेही त्याने विचारलं नाही. पाचशे देतो म्हणाला. पण डबा हातात घेतला, तोलला आणि म्हणाला, "यातली वीट कुठाय?"

"वीट कशाला?"

"सामान पुरं पायजे. विटेशिवाय मी गिऱ्हाईकाला काय दाखवू? हलका माल कोन घेतो?"

जाऊबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दादा हसले नाहीत. तो माणूस आपल्याला फसवतो हे त्यांना तेव्हाही पटलं नव्हतं. मालाचा भाग हरवला याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

"आये," त्यांनी हाक मारली, "धाकटीला सांग, तिच्या साबनाखालची वीट दे."

आत्या दारात आल्या. मी त्यांना बोलू दिलं नाही. "आत्या, दादांना सांगा, तीनशे उंबऱ्यावर ठेवले की वीट तिथेच ठेवते."

"वीट दिल्याशिवाय तीनशे येनार कुठनं?" दादा भिंतीपलीकडून माझ्यावरच ओरडले. आत्या मध्ये नव्हत्याच. लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले, ते हे.

मी उत्तर दिलं नाही. दिराशी बोलायचं नसतं. आत्यांनीच दिलं, "तुज्या बायकोकडं बघ."

जाऊबाईंच्या पाटल्या माहेरी होत्या, पण दूध विकलेले पैसे त्यांच्या कनवटीला होते. त्यांनी ते काढले. "मी काय उगा देत नाय," त्या दादांना म्हणाल्या, "त्या न्हानीत मला पन न्हायाचं हाय. आनि हे मी तुमच्या मशीनीच्या पाचशातनं आधी कापून घेनार."

दादांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, उंबऱ्यावर ठेवल्या आणि मागे सरकले. खोकले. मी आतून आले, पदर पुढे ओढून. वीट नोटांशेजारी ठेवली. तिच्या चांदणीत अजून साबण अडकला होता. नोटा उचलल्या आणि तिथेच उभी राहून मोजल्या. आत्यांनी विचारलं, "पुरं हायेत का गं?"

मी म्हटलं, "पुरे आहेत, आत्या. बाराशे पुरे झाले."